देणे

दगड आलाय. गोणपाटात गुंडाळून
कंपूच्या दवाखान्याच्या ओसरीत टेकवून ठेवलाय.
समितीला मजकूर हवा शनिवारपर्यंत.
"बाई, तुम्ही शाळेत मराठी शिकवलंत,
तुमचे वडील त्यांचे कंपाउंडर.
जन्म, मृत्यू, दानधर्माची यादी, एवढंच.
नऊ ओळींच्या वर नको,
कारागीर ओळीमागे पैसे घेतो."

जन्म सोपा आहे. लश्कर, दौलतगंज.
मग आग्र्याचा डिप्लोमा,
मग छोट्या गाडीने सबळगडच्या पुढे,
जिथे रूळ होते पण रस्ता नव्हता
आणि औषध म्हणजे अंगारा, नाहीतर तापवलेली सळई.
डॉक्टर नीळकंठ लघाटे, वय सव्वीस,
एक ट्रंक, क्विनाइनचे दोन डबे, स्पिरिटचा दिवा
आणि माझे वडील,
ज्यांना तोवर रक्त बघून घेरी यायची.

वडील सांगायचे,
पहिले चार महिने कोणी फिरकलंच नाही.
मग एक उंट आला, पायात बाभळीचा काटा घेऊन.
डॉक्टर उंटाला "आप" म्हणाले,
"आप ज़रा पैर उठाइए,"
आणि काटा काढला.
दुसऱ्या दिवशी उंटाचा मालक आला, मग त्याची म्हातारी,
मग एका रात्री बीहडातून तोंडं बांधलेली दोन माणसं,
खांद्यात गोळी असलेल्या तिसऱ्याला धरून.
बंदुका बाहेर, म्हणाले डॉक्टर. जोडेसुद्धा बाहेर.
निघालेली गोळी पुसून त्यालाच दिली.
"रखो. तुम्हारी है."
सहरिया बाया उंबऱ्यावर डिंक ठेवून जायच्या,
न बोलता. ती फी.

यातलं काही दगडावर येत नाही.

यादीसाठी वही उघडली.
लाल बासनातली, लांबोडकी, सगळी मोडीत.
समितीत मोडी कोणाला येत नाही.
मला येते. वडिलांनी शिकवली,
चुलीच्या राखेत बोटाने.

डावीकडे जमा असते, उजवीकडे खर्च.
इथे डावीकडे लिहिलंय: देणे.

*धनकुँवर, बाळंतपण. मी पोचलो तेव्हा उजाडलं होतं.*
समोर: सुईणीची खोली, विटा चार हजार.
फिटले नाही.

*पटकी, चैत्रात, एका विहिरीवरचे सतरा.
पाणी उकळा म्हणालो. सरपण कुठून आणाल, ते विचारलं नाही.*
समोर: नवी विहीर, बांधीव, रहाटासह.
फिटले नाही.

*हरबिलास, उजवा डोळा. हात माझा हलला.*
समोर: त्याचा मुलगा, लश्करच्या शाळेत, पुढे आग्र्याला.
फिटले नाही.

पानामागून पान.
गावाने ज्याच्यासाठी हार घातले, फेटे बांधले,
ते सगळं उजव्या बाजूला, बारीक अक्षरात.
बेरीज कुठेच नाही.
मी शोधली. हिशेबाच्या वहीला बेरीज असते.

चौऱ्याऐंशीव्या पानावर वडिलांचं नाव.
*मुंगी कंपाउंडर यांची थोरली. चार वर्षं. घटसर्प.
औषध लश्करला, आम्ही इथे.
संध्याकाळची गाडी गेली होती.*
समोर: धाकटीची फी, मॅट्रिकपर्यंत.
त्याखाली, वेगळ्या शाईत: बी. ए. सुद्धा.

धाकटी म्हणजे मी.
मला सांगितलं होतं, स्कॉलरशिप आहे.
दर जूनमध्ये वडील पाकीट आणायचे
आणि आई त्या दिवशी
काही कारण नसताना भांडी पुन्हा घासायची.

पुढचे दोन शब्द मी वाचले नाहीत.
बोट ठेवलं त्यांच्यावर, आणि बराच वेळ काढलं नाही.

शुक्रवारी समितीनेच मजकूर पाठवला.
वर मोठ्या अक्षरात: थोर दानशूर.
"बाई, शुद्धलेखन तेवढं बघून द्या."

बघितलं.
शू दीर्घ आहे. बरोबर आहे.